गेम बनवायचे आहेत, मग आधी कोणती भाषा? सेकंड इयरच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे. बारावीला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स होतं, त्यात सी प्लस प्लस झालं. फर्स्ट इयरला पायथन झालं. मोबाइलवरचे गेम बनवायचे आहेत. सीनिअर म्हणतात सी प्लस प्लसशिवाय गेमिंगमध्ये कुणी उभं करत नाही. क्लासवाले म्हणतात युनिटी (गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर) शिका. मामा म्हणतो जावा शिक, निदान नोकरी तरी लागेल. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पहिली भाषा कोणती धरू?

सी शार्प धर, आणि ते युनिटीत. लॅपटॉपने युनिटीपुढे हात टेकले तर गोडो हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर आणि त्याची भाषा जीडीस्क्रिप्ट. सी प्लस प्लस आत्ता नको, पण कायमचं सोडूही नकोस. जावा कॅम्पसच्या मुलाखतींसाठी खुशाल शिक, गेमसाठी नको.

असं का, तेही सांगतो. नाहीतर उद्या आणखी कुणी भेटेल, वेगळंच सांगेल आणि तू पुन्हा पहिल्या पानावर येशील. दर बॅचला अशी चार-पाच मुलं दिसतात. वर्षभर भाषा बदलत राहतात, यूट्यूबवरच्या प्रत्येक मालिकेचे पहिले तीन भाग त्यांना तोंडपाठ असतात, आणि दाखवायला एकही पूर्ण झालेला गेम नसतो.

गेमच्या धंद्यात भाषा आपण निवडत नाही, इंजिन, म्हणजे युनिटी-गोडोसारखं सॉफ्टवेअर, निवडतं. युनिटीत काम करायचं तर सी शार्प. अनरिअलमध्ये सी प्लस प्लस आणि त्याच्या जोडीला ब्लूप्रिंट, म्हणजे चौकोन आणि तारा जोडून लिहायचं लॉजिक. गोडोत जीडीस्क्रिप्ट. रोब्लॉक्समध्ये लुआवरून बेतलेली लुआऊ. आणि ही जोडीही कायमची नसते. सुरुवातीच्या काळात युनिटीत सी शार्पबरोबर युनिटीस्क्रिप्ट आणि बू अशा आणखी दोन भाषा चालायच्या. युनिटीस्क्रिप्टमध्ये अख्खे गेम लिहिणारी माणसं होती. २०१७ मध्ये युनिटीने ती भाषा बंद करायला घेतली. अनरिअलचीही स्वतःची अनरिअलस्क्रिप्ट होती, २०१४ साली चौथी आवृत्ती आली आणि ती गेली. बरं, इंजिनांचंही तसंच. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं, लोक भडकले, बऱ्याच जणांनी गोडोची वाट धरली. वर्षभराने युनिटीला ती योजना गुंडाळावी लागली, पण तोवर कितीतरी छोट्या टीमचे प्रोजेक्ट या इंजिनातून त्या इंजिनात गेले होते. ज्यांना फक्त युनिटीची बटणं माहीत होती त्यांचे हाल झाले. ज्यांना त्या बटणांमागे काय चालतं ते कळत होतं, त्यांचं नव्या भाषेशी थोड्याच दिवसांत जमलं.

मागे काय चालतं म्हणजे काय, ते कॅरमवर दाखवतो. समज, तू मोबाइलवरचा कॅरम बनवते आहेस. स्ट्रायकर मारला की तो सरकला पाहिजे आणि हळूहळू थांबला पाहिजे. नवशिक्याचा कोड बहुतेक असा असतो: दर फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवर उमटणाऱ्या प्रत्येक चित्रागणिक, स्ट्रायकरची जागा पाच पिक्सेलने पुढे, आणि घर्षण म्हणून दर फ्रेमला वेगाला ०.९८ ने गुणायचं. तुझ्या लॅपटॉपचा स्क्रीन सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो, तिथे सगळं छान दिसतं. मग तू तो गेम होस्टेलवरच्या कुणाच्या तरी १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या गेमिंग लॅपटॉपवर दाखवायला नेतेस, आणि स्ट्रायकर सुसाट सुटतो. कारण सरळ आहे: तिथे एका सेकंदात पाच पिक्सेलच्या ६० उड्यांऐवजी १४४ उड्या पडतात, म्हणजे घर्षण क्षणभर बाजूला ठेवलं तर ३०० पिक्सेलच्या जागी ७२०.

यावरचा उपाय पहिल्याच आठवड्यात सगळे शिकतात. वेग सेकंदाच्या हिशेबात ठेवायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने, म्हणजे डेल्टा टाइमने, गुणायचा. इथवर बहुतेकांचं बरोबर असतं. गोची पुढे आहे. जागा बदलताना डेल्टा टाइम लावला, पण ०.९८ चं घर्षण तसंच राहिलं. आता आकडेमोड कर. ६० फ्रेमच्या स्क्रीनवर एका सेकंदानंतर मूळ वेगाचा साधारण ३० टक्के भाग शिल्लक असतो. १४४ च्या स्क्रीनवर ०.९८ ने १४४ वेळा गुणलं जातं आणि जेमतेम साडेपाच टक्के उरतो. म्हणजे एकच गेम, एकच फटका, आणि महागड्या लॅपटॉपवर स्ट्रायकर अर्ध्या वाटेत थांबतो. घर्षणसुद्धा वेळेच्या घातात मांडायला हवं, नाहीतर भौतिकशास्त्राचा हिशेब ठरावीक ठोक्यावर चालवायला हवा. युनिटीत तो ठोका मुळात ०.०२ सेकंदांचा असतो, गोडोत सेकंदाला ६० वेळा.

आणखी एक. स्ट्रायकर ४० पिक्सेल रुंद धर, सोंगटी ३०. दोघांचे मध्यबिंदू ३५ पिक्सेलच्या आत आले की टक्कर. कुणीतरी जोरात फटका मारला, वेग सेकंदाला ६००० पिक्सेल. ६० फ्रेमच्या हिशेबाने एका फ्रेमला १०० पिक्सेलची उडी. एका फ्रेमला स्ट्रायकर सोंगटीच्या ४५ पिक्सेल अलीकडे, पुढच्या फ्रेमला ५५ पिक्सेल पलीकडे. दोन्ही वेळा अंतर ३५ पेक्षा जास्त, म्हणजे संगणकाच्या लेखी टक्कर झालीच नाही. स्ट्रायकर सोंगटीच्या आरपार गेला. याला टनेलिंग म्हणतात. तो टाळायला दोन फ्रेमच्या मधली वाटही तपासावी लागते. इंजिनात त्यासाठी सोय असते, पण ती चालू करायची हे सुचायला आधी रोग ओळखता यायला हवा.

आता सांग, यात सी शार्प कुठे आलं? सी प्लस प्लस कुठे आलं? हीच चूक पायथनमध्येही होते, लुआतही होते. म्हणून पहिल्या भाषेकडून माझी अपेक्षा एवढीच असते, की तिने तुला या प्रश्नांपर्यंत लवकर पोचवावं आणि मधेच स्वतःचे नखरे काढू नयेत.

सी प्लस प्लसवर माझा राग नाही, रोजच्या कामात तेच असतं. पण पहिल्या वर्षी ते नखरे फार करतं. हेडर फाइलीत एक अर्धविराम राहिला की पानभर एरर. कंपाइल झालं तर त्या सगळ्या फाइली जोडणारा लिंकर अडतो. लिंक झालं तर गेम चालू होतो आणि एक चकार शब्द न बोलता बंद पडतो, कारण मेलेल्या शत्रूचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, कुठेतरी जिवंत राहिलेला असतो. हे शोधायला शिकणं मोलाचं आहे, मान्य. पण ज्या मुलीला अजून स्ट्रायकर सरकवायचा आहे, तिने पंधरा दिवस लिंकरशी भांडण्यात घालवले तर तिचा गेमवरचाच जीव उडतो. शिवाय बारावीला जे सी प्लस प्लस झालं, त्याच्या भरवशावर राहू नकोस. बायफोकलचं सी प्लस प्लस म्हणजे क्लास, इनहेरिटन्स, ऑपरेटर ओव्हरलोडिंग आणि प्रॅक्टिकलच्या वहीतले ठरलेले प्रोग्राम. कित्येक कॉलेजांत ते टर्बो या जुन्या कंपायलरच्या निळ्या स्क्रीनवर झालेलं. स्टुडिओत लिहितात ते २०११ च्या मानकानंतरचं. स्मार्ट पॉइंटर, लॅम्डा, मूव्ह सिमँटिक्स, यातलं काहीच त्या वहीत नसतं.

मग मोठे स्टुडिओ सी प्लस प्लसच का धरून बसलेत? सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. त्यात शत्रूंनी विचार करायचा, भौतिकशास्त्र सोडवायचं, आवाज मिसळायचा, चित्र काढायचं. मेमरी कधी घेतली आणि कधी सोडली यावर स्वतःचा ताबा असेल तर हा हिशेब बसवता येतो. सी शार्पमध्ये मेमरी परत गोळा करायचं काम गार्बेज कलेक्टर करतो आणि तो त्याच्या सोयीने येतो.

त्याचा त्रास तुला लवकरच होईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात गुण दाखवायचे असतात. तू दर फ्रेमला ‘गुण:’ आणि आकडा जोडून नवं वाक्य बनवतेस. सी शार्पमधली स्ट्रिंग बदलत नाही, प्रत्येक जोडणीला नवी जन्मते आणि जुनी कचऱ्यात जाते. सेकंदाला ६० वेळा. लॅपटॉपवर काही कळत नाही. तोच गेम आईच्या तीन वर्षं जुन्या फोनवर टाक, अधूनमधून स्ट्रायकर क्षणभर अडखळताना दिसेल. गुण बदलले तरच वाक्य बदलायचं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. युनिटीचा प्रोफायलर उघडून कुठल्या फ्रेमला किती कचरा झाला हे बघायची सवय पहिल्या गेमपासून लाव. सी शार्प मुळातच संथ आहे असं मात्र कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नकोस. प्ले स्टोअर आणि आयफोनसाठी गेम काढताना युनिटी तुझ्या सी शार्पचं आधी सी प्लस प्लसमध्ये रूपांतर करतं आणि मग ते कंपाइल करतं.

पायथन झालंय ते वाया गेलेलं नाही. जीडीस्क्रिप्ट दिसायला थेट त्याच्यासारखी, ब्लॉक मोकळ्या जागेने ओळखायचे, त्यामुळे गोडोकडे गेलीस तर घरच्यासारखं वाटेल. पायथनच्याच पायगेम लायब्ररीत हवा तर एखादा छोटा गेम करून बघ, पण त्यात अडकू नकोस. तिथून प्ले स्टोअरपर्यंतचा रस्ता खडतर आहे. स्टुडिओत पायथन वेगळ्याच जागी भेटतं. ब्लेंडर आणि माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमधली आर्टिस्ट मंडळींची टूल्स, बिल्ड बनवणाऱ्या स्क्रिप्ट, एक्सेलमधून गेमचा डेटा ओढून आणणारे प्रोग्राम. अशी टूल्स लिहून देणाऱ्या पोरांवर आर्टवाले खूश असतात, हा वेगळा फायदा.

मामाचं जावा. मामा अगदीच चुकीचं बोलत नाही, फक्त त्याचं घड्याळ मागे आहे. नोकियाच्या जमान्यात मोबाइल गेम म्हणजे जावाच होता. सुरुवातीच्या काही फोनवर तर अख्खा गेम, चित्रं आणि आवाजासकट, ६४ केबीत कोंबावा लागे. माइनक्राफ्टही आधी जावातच लिहिला गेला. पण आज मोबाइल गेमसाठी कुणी जावापासून सुरुवात करत नाही. मामाला एवढं सांग की सी शार्प आणि जावा चुलत भावंडं आहेत, एक नीट आलं की दुसरं यायला फारसा वेळ लागत नाही, आणि सी शार्पवर गेमबाहेरच्याही नोकऱ्या आहेत. हिंजवडीच्या कंपन्यांत डॉट नेटवाले, म्हणजे सी शार्पवालेच, आजही लागतात. घरचं वातावरण शांत राहायला एवढं पुरावं.

चांगला गेम कुठल्या भाषेत होतो हा वाद तर घालूच नकोस. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने सी शार्पमध्ये लिहिला, ‘अंडरटेल’ गेममेकर या इंजिनात झाला, २०२४ चा ‘बलाट्रो’ लुआमध्ये.

पुण्यातल्या कामाचं म्हणशील, तर इथे दोन्ही तऱ्हेचे स्टुडिओ आहेत. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे. नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० साली आला, तो अनरिअलवर. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ युनिटीवर. छोट्या मोबाइल टीममध्ये जास्त करून युनिटी दिसतं. तुला मोबाइल गेम करायचे आहेत, म्हणजे पहिली इंटर्नशिप तिथेच मिळण्याची शक्यता जास्त. मी युनिटी आधी म्हणतो त्यात हा हिशेबही आहे.

मुलाखतीत मी भाषेचं व्याकरण फारसं विचारत नाही. कागद पुढे सरकवतो आणि म्हणतो, खेळाडू इथे उभा आहे, या बाजूला बघतोय, शत्रू तिथे आहे; शत्रू खेळाडूच्या पाठीमागे आहे का ते काढ. ज्यांनी बारावीत व्हेक्टर फक्त मार्कांपुरते केले ते कोन काढायला बसतात, टॅन इन्व्हर्स लिहितात आणि १८० अंशांपाशी गडबडतात. ज्याने एखादा गेम हाताने केलाय तो खेळाडूच्या नजरेची दिशा घेतो, खेळाडूपासून शत्रूकडे जाणारा व्हेक्टर घेतो आणि दोघांचा डॉट प्रॉडक्ट काढतो. उत्तर ऋण आलं की शत्रू मागे. दोन ओळींचं काम. मग मी विचारतो, शत्रू डावीकडे की उजवीकडे? इथे क्रॉस प्रॉडक्ट आठवला तर मी चहा सांगतो. तुझी एम वनची, म्हणजे फर्स्ट इयरच्या गणिताची, आणि बारावीच्या गणिताची पुस्तकं रद्दीत घालू नकोस, इतकंच.

क्लास लावायचा असेल तर फी भरण्याआधी एक चौकशी कर: शेवटी विद्यार्थी काय बनवतो आणि त्यातला कोड कोण लिहितं? ‘गेम डेव्हलपमेंट’ या पाटीखाली पुष्कळ ठिकाणी थ्रीडी मॉडेलिंग शिकवतात. त्यात वाईट काही नाही, पण ते आर्टिस्टचं काम आहे. तुला प्रोग्रामर व्हायचंय तर वर्षभर मायामध्ये तलवारी घडवून उपयोग नाही. प्रोग्रामिंगसाठी युनिटीचे स्वतःचे फुकट धडे आहेत, गोडोचं डॉक्युमेंटेशन चांगलं आहे. मला विचारशील तर सेकंड इयरला लाखभर रुपये घालायची गरज नाही. त्यातले थोडे पैसे रॅमवर घाल.

कारण लॅपटॉप. ८ जीबीत युनिटी चालतं, पण शेजारी क्रोमच्या वीस टॅब आणि एमुलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, उघडा ठेवून नाही. एमुलेटरच्या नादी लागूच नकोस, स्वतःचा फोन केबलने जोड आणि गेम त्यावरच तपास. टू-डी प्रोजेक्ट घे. हार्ड डिस्क जुनी फिरती असेल तर आधी एसएसडी, मग रॅम. अनरिअल या लॅपटॉपवर उघडून मनस्ताप करून घेऊ नकोस; पाचव्या आवृत्तीसाठी ते बनवणारी एपिक कंपनी स्वतःच ३२ जीबी रॅम सुचवतं. आणि युनिटीही रडतखडत चालायला लागलं, प्रत्येक बदलानंतर चहा करून आणण्याइतका वेळ जायला लागला, तर मुकाट्याने गोडो उतरवून घे. लहानशी फाइल आहे, इन्स्टॉल करावी लागत नाही, परवाना एमआयटीचा, कुणाला एक पैसा द्यायचा नाही. गोडोत सी शार्पही चालतं, पण तिथे सुरुवात जीडीस्क्रिप्टनेच कर, शिकवणारं साहित्य बहुतेक तिच्यातच आहे. गोडोत दोन गेम पूर्ण केलेली मुलगी युनिटीचं अर्धवट सर्टिफिकेट असलेल्या मुलापेक्षा माझ्याकडे आधी आत येते.

आता पहिला गेम. सगळ्यांना पहिल्याच फटक्यात बॅटल रॉयल करायचा असतो. तू सापशिडी कर. हसू नकोस. शंभर घरांचा ॲरे, फासा, पाळी कुणाची, सोंगटी सरकत असताना दुसऱ्याने फासा टाकला तर काय, शेवटी नेमकाच आकडा लागतो की चालून जातं, खेळ संपल्यावर पुन्हा सुरू कसा करायचा. यातला ‘सरकत असताना फासा टाकला तर’ हा प्रश्न नीट सोडवलास की स्टेट मशिन, म्हणजे गेम आत्ता कुठल्या अवस्थेत आहे आणि तिथून कुठे जाऊ शकतो याची मांडणी, आपोआप कळते, आणि पुढच्या प्रत्येक गेममध्ये ते लागतं. मेन्यू, आवाज, गेम ओव्हर, सगळं घालून पूर्ण कर आणि एपीके, म्हणजे अँड्रॉइडवर टाकायची फाइल, बनवून घरातल्या माणसांच्या फोनवर टाक. आजी फासा कुठे दाबायचा म्हणून विचारायला लागली तर तुझं बटण चुकीच्या जागी आहे. सापशिडी झाली की मग कॅरम. वर जे घर्षण आणि आरपार जाणं सांगितलं ते तिथे स्वतः अनुभवशील, आणि राणी, कव्हर, फाऊल यांचे नियम कोडमध्ये बसवताना घाम फुटेल.

पहिल्या दिवसापासून कोड गिटवर, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या टूलवर, ठेव. इंटर्नशिपला अर्ज करशील तेव्हा रेझ्युमेत भाषांची यादी देण्यापेक्षा त्या दोन गेमच्या लिंक आणि कोडची लिंक दे. आम्ही आधी गेम फोनवर टाकून खेळतो, मग कोड उघडतो, रेझ्युमे त्यानंतर.

सी प्लस प्लसला हात घालायची वेळ थर्ड इयरच्या सुट्टीत येईल. तेव्हा इंजिन न घेता एसडीएल किंवा रेलिब अशी साधी लायब्ररी घे आणि तोच कॅरम पुन्हा लिही. काय बनवायचंय ते तोवर पक्कं माहीत असेल, त्यामुळे भांडण फक्त भाषेशी राहील, आणि लिंकरचा एरर आला तरी तो कशाबद्दल बोलतोय याचा अंदाज असेल. अनरिअल त्याच्याही नंतर, आणि तेही रॅम वाढवल्यावरच.